धूर न येणारी मोटार

आळंदच्या वेशीबाहेर गुरुशांतप्पाचं मोटार दुरुस्तीचं छप्पर होतं. गुलबर्ग्याच्या गिरणीत बरीच वर्षं इंजनं सांभाळून तो गावी परतला होता. आसपासच्या जहागिरींतल्या मोटारी त्याच्याकडेच येत. त्यातली एक आठ सिलिंडरांची विलायती मोटार त्याला फार आवडायची. पुढं जहागीरदार हैदराबादेला निघून गेले, आणि अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात ती मोटार गावं लुटत फिरणाऱ्या एका बंदूकवाल्या टोळीच्या हाती पडली.

टोळीनं ती बेफाम पळवली. कुणी तेल बदललं नाही, पाणी बघितलं नाही. पिस्टनवरच्या खालच्या रिंगा झिजल्या, त्यांच्या खाचा काजळीनं बुजल्या. सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं तेल खरवडून खाली सोडायचं काम त्या रिंगांचं. तेच थांबल्यावर तेल वर चढून पेट्रोलाबरोबर जळू लागलं. चढ लागला की मोटारीमागं निळ्या धुराचा लोट उठे. पावसानं सडकेवरची धूळ बसली होती, पण हा धूर कोसभरावरून दिसायचा. कडगंची गावाकडची माणसं तो बघून पोराबाळांसकट ओढ्याच्या घळीत उतरायची. टोळी पोचेपर्यंत गाव रिकामं.

पंचमीच्या तोंडावर एका सकाळी ती मोटार धूर ओकत गुरुशांतप्पाच्या छपरापुढं थांबली. टोळीचा म्होरक्या खाली उतरला आणि आवाज न चढवता म्हणाला, "मिस्त्री, इसका धुआँ बंद करो. धुआँ देखके लोगां भाग जा रैं."

रिंगा इथं मिळत नाहीत, असं गुरुशांतप्पानं सांगून बघितलं. म्होरक्यानं मागच्या सीटवरून एक पुडकं काढून त्याच्या हातात ठेवलं. तेलकट कागदात नव्या कोऱ्या रिंगा होत्या. टोळीतली दोन माणसं पहाऱ्याला दाराशी बसली. जाताना म्होरक्या म्हणाला की मोटार चालवून बघताना मिस्त्रीनं मागं बसायचं, आणि त्याच्या बायकोनंही.

गुरुशांतप्पानं इंजन उघडलं. रिंगा जास्त घट्ट बसवल्या तर इंजन तापून अडकेल, पण ते भर वेगात, बायको बसम्मा आत बसलेली असताना. सैल ठेवल्या तर पहिल्याच चढाला धूर निघेल आणि म्होरक्या मागं वळून बघेल. त्यानं खाचा खरवडल्या, रिंगांची टोकं कानशीनं घासून हवी तेवढी फट ठेवली. काम नीट झालं. इंजन सुरू झालं तेव्हा त्याचा आवाज असा लागला की घटकाभर त्याला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

चढावर मोटार सुसाट निघाली. गुरुशांतप्पानं मागच्या काचेतून बघितलं. सडक शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होती. बसम्माही तिकडंच बघत होती.

घरी आल्यावर तो जोत्यावर बसून राहिला. बसम्मा म्हणाली, "असं कामून बसलाव? लोकं धुराची वाट बघत बसतील. त्यानला सांगाया पायजे."

पंचमीच्या बांगड्या भरायला हुसेनबी मणेरीण गावोगाव फिरत होती, तिला कुणी अडवत नसे. बसम्मानं तिला घरात बोलावून हात पुढं केला. धुरावर राहू नका, झाडावर माणूस बसवा, एवढाच निरोप दिला. हुसेनबीनं बांगड्या चढवल्या आणि टोपली उचलली.

कडगंचीला निरोप वेळेवर पोचला. चिंचेवर बसलेल्या माणसानं मोटार बघितली आणि गाव निघून गेलं. पण ओढ्यापलीकडं एक छोटी वाडी होती. ओढ्याला पूर आला आणि हुसेनबी अलीकडंच अडकली. रिकाम्या गावातून चिडून निघालेली टोळी दुसऱ्या वाटेनं वाडीवर गेली.

हुसेनबी परत आली ती थेट बसम्माच्या दारात. वाडी जळाली, असं तिनं सांगितलं. मग दाराआड होऊन म्हणाली, "अक्का, वो लोगां कडगंचीको कौन बोले कर्के पूछ रैं. जाओ तुम."

भर दुपारी, चुलीवरचं कालवण तसंच टाकून, भाकरी तेवढी पदरात घेऊन नवराबायको शेतांमधून निघाले आणि हैदराबाद राज्याची हद्द ओलांडून वागदरीला पोचले. देवळाच्या ओवरीत पळून आलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. शेजारी बंडेप्पा नावाचा माणूस होता, वाडीचाच. त्याचा एक हात भाजला होता. बायको आणि भाऊ मागंच राहिले होते, राखेत.

"धूर दिसलाच न्हाई, अप्पा," तो म्हणाला. "आमी बघतच व्हतो."

बसम्मानं नवऱ्याचा गुडघा दाबला. तरी तो बोलला, "मीच नीट केली ती मोटार."

बंडेप्पा त्याच्याकडं वळला. मारील असं वाटलं. पण त्यानं विचारलं, "आता बी तशीच चालंल का?"

"चालंल. लई दिस चालंल."

बंडेप्पा उठला. मोटारीचा धूर बंद झालाय हे हद्दीपलीकडच्या बाकीच्या गावांना कुणी सांगितलंय का, असं त्यानं ओवरीत एकेकाला विचारलं. कुणीच सांगितलं नव्हतं. तो आला त्याच वाटेनं परत निघाला. गुरुशांतप्पाही त्याच्यामागं उठला. बसम्मानं अडवलं नाही. पदरातली भाकरी तिनं फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली आणि तोंड फिरवून बसली.