पाहुण्यांकडं गेलेली घोडी

पोलोत एक रीत आहे. परदेशातला संघ येताना घोडे आणत नाही. यजमानांचेच घोडे चिठ्ठ्या टाकून वाटून घेतात. यंदा मी सांभाळतो ती तांबडी घोडी, चंद्री, पाहुण्यांच्या वाट्याला गेली.

मी तिच्या पायांना पट्ट्या बांधत होतो. शेजारच्या घोड्याचा मोतद्दार सखाराम म्हणाला, "काका, एखादी पट्टी सैल राहू द्या की. आज देशाची मॅच आहे."

"आधी तुझी जीभ आवळ," मी म्हणालो आणि पट्टी रोजच्यासारखीच घट्ट बांधली.

मैदानाच्या कडेला उभा राहिलो. आपल्या पोरांनी गोल केला की छाती फुगायची. चंद्री कान पाडून सुटली की तीच छाती पुन्हा फुगायची. दोन छात्या कुठून आणणार? पाठीवर कुठला देश बसलाय, हे घोडीला काय ठाऊक? तिला लगाम कळतो, अन् माझा हात.

शेवटचा गोल तिच्याच पाठीवरून झाला. आपण हरलो. सखाराम माझ्याकडं बघेना. वाईट मलाही वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

चंद्री फेसानं पांढरी होऊन आली आणि सवयीनं माझ्या खांद्यावर तोंड टेकलं. मी पट्ट्या सोडायला खाली बसलो. एकही जागची हलली नव्हती.