हाय सर, दिसतंय

महादेव सर संगणकाला बोट लावायच्या आधी पोरांना हाक मारायला लावायचे. खोटं नाही सांगत. पडद्यावरच्या वेबपानात एखादा खोका असेल आणि त्यात काही भरायचं असेल, तर अख्ख्या वर्गानं मोठ्यानं म्हणायचं, "डॉक्युमेंट! त्यातला फॉर्म! त्यातला गावाचा खोका!" मगच की-बोर्डला हात. खाली हार्डवेअरचं दुकान होतं, तिथली गिऱ्हाइकं माना वर करून बघायची. मी शेजारच्या खोलीत टायपिंग शिकवायची. या आरोळ्यांनी माझ्या पोरींची बोटं चुकायची आणि माझं डोकं फिरायचं.

"अहो सर, हा क्लास आहे का भजनी मंडळ?" एकदा मी जाऊन विचारलंच.

सर हसले. "अक्का, आमच्या कुंभारवाड्यात घरं लांबलांब. कुणाकडं गेलं तर तडक आत शिरायचं न्हाई. बांधावर थांबून आधी घराला हाक, मग माणसाला. पानाचं बी तसंच हाय. डॉक्युमेंट म्हंजे घर. त्येला सोडून तुमी थेट आतल्या माणसाला हाक मारली, तर ओ कोण देणार?"

मी परत येऊन दार लावून घेतलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. रामनगरात कॉम्प्युटर क्लास म्हणजे मोठं अप्रूप. इंटरनेट बेळगावात, आमच्याकडे नुसता ब्राउझर आणि फ्लॉप्या. वीज तर मनाला येईल तेव्हा यायची. एवढ्यावर सर पोरांना पानाच्या आतली रचना शिकवत. कुणाच्या पोटात काय आहे, कुठला हुकूम दिला की काय बदलतं. पुण्यात त्यांची चांगली नोकरी होती. ती सुटली डोळ्यांमुळे. नजर कडेनं आकसत येणार, त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रामनगरात आले तेव्हा त्यांना समोरचं थोडंफार दिसायचं, पण जिना उतरताना भिंत चाचपायचे. हा क्लास सुटला की मागे त्यांचं गाव कुंभारवाडाच. तिथं म्हातारी आई आणि भाताची दोन खाचरं. संगणकाचं नाव काढायलाही तिथं कोणी नव्हतं, आणि सरांचा तर त्यातच जीव.

म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. ओळ टाइप केली की विचारायचे, "काय दिसतंय?" पोरांनी पडद्यावरचं वाचून दाखवायचं. चुकलं असेल तर, "न्हाई सर, चुकलं," असं बेधडक सांगायचं. दिग्गी गावची शेवंता यात सगळ्यांत तिखट. एकदा सरांनी पानाच्या माथ्यावरच हुकूम लिहिला आणि खोका मात्र खाली. पान उघडताच चूक झाल्याची पाटी आली. शेवंता म्हणाली, "सर, पान वरनं खाली येतंय, खोका अजून यायचाच हाय, तुमी आधीच बोलावलासा." सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या डब्यातला तांदळाच्या भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "चूक धरली! आता तुला इद्या आली," म्हणाले.

पण नजर काही थांबली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पडदा म्हणजे त्यांना नुसता उजेड दिसू लागला. बातमी बेळगावला क्लासच्या मालकांच्या कानावर गेली. मालक माणूस वाईट नव्हता, पण आंधळ्या मास्तराकडे कोण आपली पोरं पाठवणार, ही त्यांना काळजी. "एकदा बसून बघतो, मग ठरवतो," असा निरोप आला. त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही.

मालकांना दाखवायला सरांनी एक पान केलं. आपल्या तालुक्यातल्या गावांची यादी होती. गाव निवडून बटण दाबलं की त्याचं नाव खालच्या खोक्यात यायचं, एवढंच. सकाळी लवकर येऊन एकट्यानं टाइप केलं. "कुणाला तरी वाचून बघू द्या," मी म्हटलं, तर म्हणाले, "आज एकट्याला करू द्या की अक्का."

मालक मागच्या बाकावर बसले. मी दारात. सरांनी शेवंताला दिग्गी निवडायला लावलं आणि बटण की-बोर्डवरून स्वतः दाबलं.

सगळं पान पुसलं गेलं. पांढरा फटक पडदा, आणि वर कोपऱ्यात रोमन अक्षरांत एकटं दिग्गी. सर वर्गाकडे तोंड करून उत्साहानं बोलत होते, "बघा, यादी हाय तशीच ऱ्हायली. कुळगी हाय, कुंभारवाडा हाय. कुणाला धक्का न्हाई. आनि खालच्या खोक्यात दिग्गी आलं. काय दिसतंय?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग मागच्या मालकांकडे.

"हाय सर, दिसतंय," एकजण म्हणाला. मग सगळेच म्हणाले. शेवंता तेवढी खाली बघत बसली.

सर त्या कोऱ्या पडद्याकडे बोट करून आणखी बराच वेळ शिकवत राहिले.

जाताना मालकांनी मला जिन्यात गाठलं. डोळे पाणावलेले. "सगळं कळलं मला, बाई. पण पोरांचा केवढा जीव आहे त्यांच्यावर! राहू देत त्यांना." मी धावतच वर आले. "सर, ठेवलं तुम्हाला!"

सर खुर्चीत बसून होते. "अक्का, शेवंता का बोलली न्हाई?"

मी उगाच बाकं सरळ करायला लागले.

"पान पुसलं न्हवं?"

"हो सर. दिग्गी तेवढं राहिलं."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि चूक स्वतःच सांगितली. पान उघडत असताना डॉक्युमेंटला 'लिही' म्हटलं तर ते आहे त्यात लिहितं. पान पुरतं उघडल्यावर तोच हुकूम दिला, तर जुनं सारं पुसून नव्यानं लिहायला घेतं. खोक्याचं नाव घ्यायचं सोडून बोटांनी सवयीनं पहिल्या धड्यातला हुकूम लिहिला होता.

"असू दे हो! पोरांना वाटलं तुमचं भलं व्हावं."

"व्हय. म्हणूनच जातो मी." आवाज अगदी शांत होता. "डोळं गेलं तरी मी आंधळा न्हवतो अक्का. वर्गभर डोळं हुतं माजं. आज त्येंनी माजी कीव केली. आता 'बरोबर हाय' म्हनली, तर ते खरंच बरोबर हाय का, हे मला कोण सांगणार?"

मी भांडले, रडले, नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या पोरांना तेवढं सांगा, मास्तर कुठं चुकला ते. न्हाईतर चुकीचंच शिकतील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते गेले. पुढं दोन पावसाळ्यांनी कुंभारवाड्याहून ते वारल्याचं कळलं. तापाचं निमित्त झालं म्हणे.

पण ते गावी गेले त्या सकाळी मी त्यांच्या फळ्यासमोर उभी राहिले. "काल सर चुकले," म्हटलं आणि सरांनी समजावलं तसं सगळं समजावलं. पोरं मान खाली घालून लिहीत होती. संपल्यावर शेवंतानं विचारलं, "सर कवा येणार, बाई?"

'येतील गं' हे शब्द अगदी ओठावर आले होते.

"येणार नाहीत," मी म्हणाले.