उंच राहिलेलं विमान

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीतच सुटली. पण ही गोष्ट मला अजून नीट कळलेली नाही, म्हणून लिहून बघते.

मुलगी कॉलेजात असताना पुण्याकडे ग्लायडर शिकायला जायची. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. फी थोरल्या जाऊबाईंनी उसनी दिली होती. वळ गावातल्या त्यांच्या शेतात गोदाम झाल्यापासून भाडं येत होतं. भरलेल्या फीतली आता मोजकीच उड्डाणं उरली होती. त्यांत नीट उतरली नाही तर शिकवणारे सर तिला एकटीला उडायला सोडणार नव्हते, आणि आणखी फी भरणं मला शक्य नव्हतं.

एका रविवारी ती तोंड पाडून घरी आली. उतरताना दर वेळी उंचच राहत होती. नाक खाली दाबलं की वेग वाढायचा, आणि धावपट्टी संपत आली तरी चाक टेकायचं नाही.

"वर हायस तर तोंड खालीच करशील ना?" मी म्हटलं. निघताना मीच तिला तसं बजावलं होतं.

जाऊबाई ओट्यावर होत्या. "पोर वरच राह्यली तं माझं पैशे पन वरच राहतील गो."

मुलगी हसली. मला हसू आलं नाही.

तिने सूप विमानासारखं हातात धरून दाखवलं. "नाक आहे तिथेच ठेवायचं. हाताशी एक दांडा असतो, तो ओढला की पंखांतून फळ्या उभ्या राहतात, हवा अडते, विमान खाली बसतं. वेग वाढत न्हाय. तरी उंच राहिलं तर जरा तिरकं धरून उतरायचं."

"घारीसारखी एक गिरकी घे की."

"एवढ्या खाली न्हाय, आई. वळता वळता पडेन."

भाताचा भारा डोक्यावर असला की आम्हीही उतारावर तिरकं पाऊल टाकतो. सरळ उतरलं की पळावं लागतं. मी तसं म्हणाले, तर ती म्हणाली, "तसंच." पण भाऱ्याला पंख कुठे असतात?

पुढच्या रविवारी शेजारणीच्या मोबाइलवर तिचा फोन आला. सकाळी सरांसोबत तिने फळ्या लवकर उघडल्या, नाक हलू दिलं नाही. मग सर विमानातून उतरले आणि तिला एकटीला पाठवलं; तेव्हाही ती नीट उतरली.

"बाजूला कोणीच नव्हतं?"

"कोणीच न्हाय."

आनंद करावा की घाबरावं, ते मला कळेना.

नंतर ती वडपे गावातल्या एका गोदामात हिशेबाला लागली. दर पगाराला थोडे थोडे करत जाऊबाईंचे सगळे पैसे फिटले.