जोडवी नेली, कानस राहिली

गुडघा दुखतो म्हणे! परवा भाचीच्या हळदीत तासभर नाचली, तेव्हा कुठं गेला होता गुडघा? आणि सांगायची वेळ तरी बघा. सकाळी सहाला मी दोन पिशव्या, ताडपत्री, पाण्याची बाटली घेऊन ताडकळसच्या स्टँडवर उभी, आणि शेवंताचा फोन. "आक्का, मी काय येत न्हाई. गुडघा लय दुखायलाय. तुमी जावा." एवढं बोलून ठेवूनच दिला.

शेवंता माझी धाकटी जाऊ. पाच वर्षं झाली, आमी दोघी जत्रा करतो. जर्मन सिल्व्हरच्या तारेची जोडवी, तांब्याच्या अंगठ्या, पितळी वाळे मी घरी घडवते आणि ती विकते. हा ब्लॉगही तिच्याच पोरीनं, मयुरीनं, काढून दिलाय. मी चौथी शिकलेली. फोनवर बोलते, फोन लिहितो, मयुरी दुरुस्त करते. तर मयुरे, यातलं एक अक्षर गाळायचं नाही.

जत्रा झरीच्या पुढं एका खेड्यात, चैत्रात भरते. कुणाला जायचं असेल तर सांगून ठेवते. ताडकळसहून एसटीनं परभणी, बायकांना अर्धं तिकीट. पण सकाळच्या गाडीत ऑफिसवाले असतात, पिशवी मांडीवर घ्यायची तयारी ठेवा. परभणीच्या स्टँडवर चहा पिऊ नका, नुसतं गोड पाणी. बाहेर येऊन भजे खा, गरम असतील तरच. तिथून जिंतूर रोडची गाडी धरून झरी, आणि पुढं जीपवाले आहेत. जीपवाल्यानं मला मागच्या फाळक्याजवळ बसवलं. रस्ता मधेच चांगला, मधेच असा की पिशवीतली जोडवी ताशासारखी वाजायली.

"मावशी, भांडी हायेत का काय?" जीपवाला म्हणाला.

"तुझ्या बायकोच्या पायातलं हाय. समोर बघून चालव."

जागा कुठं धरायची तेही सांगते. सगळे देवळाच्या आत जायच्या वाटेवर मांडतात. येड्यासारखं! आत जाणारीच्या हातात नारळ, ओटी, कडेवर लेकरू. ती तुमच्याकडं कशाला बघेल? बाहेर यायच्या वाटेवर बसायचं. हात मोकळे झालेले असतात. पाळण्यापासून लांब बसा, भोंग्यापुढं घासाघीस ऐकू येत नाही. ही अक्कल शेवंताची. खरं ते सांगते.

शेजारी दर वर्षीची कासारीण होती, बांगड्यांची. "तुमची ती बोलकी बाई कुठंय?" बसल्या बसल्या तिनं विचारलं.

"मेली नाही. घरी हाय," मी म्हणाले.

दुपारपर्यंत अंगठ्या गेल्या, वाळे गेले. जोडव्यांना कुणी हात लावला की ठेवून द्यायची. आमच्याकडं नवी जोडवी बाई स्वतःच्या हातानं घालत नाही, दुसऱ्या सवाष्णीनं घालायची. जत्रेत ते काम विकणारीचं. शेवंता गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेऊन घालते, वर हळद-कुंकू लावते, माहेर विचारते, सासूच्या चुगल्या ऐकते. मी विधवा. नऊ वर्षं झाली, माझ्या पायात काही नाही. म्हणून मी आपली पाठ करून अंगठ्यांवर नावं ठोकत बसते.

तिघीजणी आल्या. एकीनं विचारलं, "घालणारी कोण हाय?"

"तुमचा हात मोडलाय का? घाला की," मी म्हणाले.

गेल्या तिघी. कासारीण तोंडाला पदर लावून हसायली.

मग एक बाई आली, उन्हानं काळी पडलेली. आठ दिवसांपूर्वी ऊसतोडीवरून परत आली होती. टोळीचा टेम्पो खाली उभा होता. एका पायात जोडवी, दुसरा मोकळा. "फडातल्या चिखलात गळालं," म्हणाली. "चार महिने एका पायावर सवाष्ण हाय मी!" आणि फतकल मारून पाय माझ्या पुढं केला. पाच बोटं फाकलेली, टाचेला भेगा.

मी म्हणाले, "बाई, मी विधवा हाय. दुसरीकून घालून घे."

"हे केलं कुणी?"

"मीच."

"मग ह्याच हातानं घाला की. माझ्या नवऱ्याला काय बी होत न्हाई, लय घट्ट हाय त्यो. जल्दी करा, टेम्पोवाला बोंबलायलाय."

घेतला पाय मांडीवर. इतकी वर्षं तार तापवून, सळईला गुंडाळून, कापून, ठोकून, चिंचेच्या पाण्यात उजळून किती जोडवी केली असतील, पण दुसऱ्याच्या बोटात कधी घातलं नव्हतं. जोडव्याचं तोंड जरा फाकवलं. घातलं, तशी ती ओरडली, "आई गं! आतून टोचायलंय."

बघते तर कापलेल्या टोकाला धार. माझंच काम, आणि मला माहीत नाही!

कासारीण म्हणाली, "कानस न्हाई आणली का? तुमची ती बाई बोलत बोलत हरेक जोडवं आतून घासून द्यायची की. बोटभर कानस असते तिच्या कमरेला. कधी बघितलं न्हाई का?"

कामून बघेन? माझी पाठ होती ना.

मग देवळाच्या पायरीच्या दगडावर घासलं, बोट फिरवून बघितलं, परत घासलं. या वेळी ती ओरडली नाही. दोन्ही पाय जोडून बघितले, मला वाकून नमस्कार केला आणि टेम्पोकडं पळत सुटली. ते बघून आणखी काही जणी आल्या. एक म्हातारी माझं कपाळ बघून सुनेला ओढून घेऊन गेली. जाऊ दे. संध्याकाळपर्यंत पायरीवर घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली. येताना रसवंतीवर रस प्यायले. एकटीला गोड लागला नाही.

आता घरी आलेय. भिंतीपलीकडं शेवंताच्या भाकरी थापायचा आवाज येतोय. गुडघा कशानं दुखतो ते मला माहीत आहे. जत्रेच्या आदल्या दिवशी, शेजारणींसमोर, मी तिला म्हणाले, "घडवायचं मी, तू नुसत्या गप्पा मारतीस. तुझ्या हाताला काम ते काय?" तिनं जोडव्यांचा डबा पुसून ठेवला आणि गेली.

चुकलं माझं. भिंतीवरून हाक मारून सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून इथं सांगितलं. मयुरी वाचून दाखवीलच.

शेवंता, नुसतं पायात घालायला तू पाहिजेस असं नाही. ते आता मलाही येतंय, दोघी घालू. पण तू पाहिजेस. शुक्रवारी परभणीच्या प्रदर्शनात जागा सांगायची आहे, एकीची का दोघींची. गुरुवारी दिवेलागणीच्या आत सांग. आणि स्वतः येऊन सांग. पोरीच्या हातून नुसती कानस पाठवलीस, तर परत पाठवीन.