शाईची मान

माझ्या थोरल्या भावाच्या नाकावर राग असतो, असं लोक म्हणतात. लोकांनी माझा राग पाहिलेला नाही. दादाच्या सलूनला लागूनच मी कपडे शिवते. मधे नुसती फळ्यांची भिंत. त्याचं प्रत्येक वाक्य मला ऐकू येतं आणि निम्म्यांना मी इकडूनच उत्तर देते.

जाहिरात बघून कोणी डोक्याला काही फासून आलं की दादा त्याला फाडून खातो. "मला विचारलंस आधी? नासवायचं तू आणि निस्तरायचं मी!" गिऱ्हाईकं निमूट ऐकून घेतात, कारण त्याच्या हातासारखा हात दुसरा नाही.

शाई त्याची मांजर. काळीकुळकुळीत. कोपऱ्यातली जुनी खुर्ची तिची; ती आता वरखाली होत नाही, नुसती गोल फिरते. दार वाजलं की शाई मान वळवून कोण आलं ते बघणार, मगच झोपणार. दादानं लग्न केलं नाही, त्यामुळे सगळे लाड तिचेच. रोज दोन्ही वेळा कलेजी. दुसरं काही पुढ्यात ठेवायचंच नाही.

मग तिच्या पाठीवरची चमक गेली, केसांच्या गुठळ्या व्हायला लागल्या. दादाला तो स्वतःचा अपमान वाटला. "माझ्या दुकानात असले केस?" औषधांच्या दुकानदारानं कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल दिल्या. म्हणाला, नैसर्गिक आहे, अपाय काय होणार! या 'नैसर्गिक' शब्दानं माझं डोकंच उठतं. विंचवाचं विषही नैसर्गिकच असतं.

"दादा, आधी प्राण्यांच्या डॉक्टरला दाखव," मी म्हटलं.

"केसांतलं मला कोण शिकवणार?" असं म्हणून त्यानं माझ्याच डब्यातली सुई नेली, कॅप्सूल टोचली आणि तेल कलेजीवर पिळलं. केस आणखी बिघडले, तर एकाच्या दोन कॅप्सूल झाल्या. वर स्वतःची व्हिटॅमिनची अर्धी गोळी कुटून घालायला लागला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ते असं.

एका सकाळी मी सुई परत मागायला गेले. शाईला हाक मारली. तिनं मान वळवली नाही. उठून उभी राहिली आणि सबंध अंगानं वळली. मग पाठ चाटायला गेली, तर जीभ पाठीपर्यंत पोचेचना, नुसती हवेत फिरली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक होतं. त्याच्यादेखत मी दादाला नाही नाही ते बोलले, शाईला टोपलीत घातलं आणि दोघांनाही डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन उभं केलं.

"काय काय देता तिला?" त्यांनी विचारलं. दादानं छाती फुगवून सगळं सांगितलं. बाई तिच्या मानेवरून हळूहळू बोटं फिरवत होत्या. शाई कळवळली.

"केसांना काही झालेलं नाहीये," त्या म्हणाल्या. "मान वळत नाही, म्हणून तिला स्वतःला चाटता येत नाही. कलेजीत ए व्हिटॅमिन खूप असतं, त्या तेलातही तेच. ते जास्त झालं तरी बाहेर पडत नाही, अंगात साठतं. मग मानेची हाडं एकमेकांना चिकटायला लागतात."

"पण मी तर ताकदीसाठी..."

"मांजरांच्या चांगल्या तयार खाण्यात लागतं तेवढं सगळं असतं. वरून काही द्यायचंच असेल तर आधी तपासणी, मग मांजरासाठीचंच औषध, तिच्या वजनाच्या हिशेबानं. माणसांच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. काहींनी मांजर मरतं. कलेजी, तेल, गोळ्या, सगळं आजच बंद. खाणं थोडंथोडं करत बदला, उपाशी मात्र ठेवू नका. दुखणं कमी होईल." त्या थांबल्या. "चिकटलेली हाडं सुटणार नाहीत. आधी विचारायचं होतंत हो मला."

दादाला स्वतःचंच वाक्य परत मिळालं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी घरी पोचेपर्यंत त्याला ऐकवत राहिले. तो टोपली छातीशी धरून चालत होता. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

आता शाई पोटभर खाते, दुखणंही पुष्कळ कमी आहे. दुकान उघडायच्या आधी दादा तिच्या पाठीवरचे केस मऊ ब्रशनं विंचरतो. मान तेवढी वळत नाही. माझा रागही गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

दार वाजलं की शाईचे कान ताठ होतात. दादा हातातला वस्तरा खाली ठेवतो, कोपऱ्यात जातो आणि तिची खुर्ची दाराकडे फिरवतो. काल एकजण गालभर साबण घेऊन ओरडला, "अहो, माझं अर्धवट सोडून कुठे चाललात?"

फळ्यांच्या अलीकडून मीच ओरडले, "थांबा जरा! कोण आलंय ते तिला बघू दे!"