जसं बोलले तसं

कचेरीत तिला सगळे बोरूबाई म्हणत. अंगाने काडी आणि हातात सदा पेन, म्हणून. बावीस वर्षं ती लघुलेखिका होती. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी सरकारने समन्वय समिती नेमली, तेव्हापासून तिच्या बैठकांचं इतिवृत्त बोरूबाईच लिही. आरोग्य, समाजकल्याण, पोलीस, नगरपालिका अशी खाती महिन्यातून एकदा लांब टेबलाभोवती बसत आणि चेंडू एकमेकांच्या अंगणात टोलवत. "हे आमचं काम नाही, तुमचं तुम्ही बघा" याचं बोरूबाईच्या कागदावर "सविस्तर चर्चा होऊन परस्पर सहकार्याचे ठरले" असं होई. अध्यक्ष असलेले सहसंचालक साहेब न वाचताच सही ठोकत.

घरी तिची थोरली बहीण होती. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली ताई. दोघी बिनलग्नाच्या, दोन खोल्यांत एकमेकींच्या आधाराने राहिलेल्या. ताई आधी दूध उतू घालवू लागली, मग रंगांची नावं विसरली, आणि एका सकाळी तिने धाकटीला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

ताईला दिवसा सांभाळणाऱ्या सरकारी केंद्रात घालावं म्हणून बोरूबाईने अर्ज केला. समाजकल्याण म्हणे, दवाखान्याची चिठ्ठी आणा. दवाखाना म्हणे, समाजकल्याणचा नोंदणी क्रमांक आणा. सात महिने ती चक्कीत भरडली गेली, पण साहेबांच्या कानावर तिने एक शब्द घातला नाही. स्वतःच्याच कचेरीत वशिला लावायचा नाही, हा तिचा ताठा. पुढे तो तिला फार बोचला.

एका मंगळवारी दुपारी शेजारीण आंघोळीला गेली आणि ताई दार उघडून चालती झाली. तासाभरात पोलिसांना ती बसथांब्यावर सापडली. गळ्यात फोन नंबराचं कार्ड होतं. घरी कळवायचं काम निवारा केंद्राचं, असं म्हणून पोलिसांनी तिला केंद्रात सोडलं. ते काम समाजकल्याणचं, असं म्हणून केंद्राने एक फॉर्म पाठवला. फॉर्म घेणारा अधिकारी रजेवर होता. इकडे बोरूबाई दवाखाने आणि चौक्या पालथ्या घालत होती. तिची तक्रार नोंदवणारी चौकी वेगळी आणि ताईला उचलणारी वेगळी. तिसऱ्या दिवशी केंद्रातल्या एका सेविकेने स्वतःच्या फोनवरून हळूच कळवलं, "तुमच्या ताई इथे आहेत. मी सांगितलं असं म्हणू नका."

ताई घरापासून आठ गल्ल्यांवर होती. केंद्राच्या मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलेलं. एकोणिसाव्या दिवशी ती गेली.

पुढच्या बैठकीत हा विषय चौथ्या क्रमांकावर आला. कागदावर रुग्णाचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक. बोरूबाईने रजा घरच्या अडचणीसाठी म्हणून घेतली होती, त्यामुळे टेबलाभोवतीच्या अधिकाऱ्यांपैकी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सेविकेला जाब देण्यासाठी बोलावलं होतं. तिने मान खाली घालून कबूल केलं की नियम मोडून फोन आपणच केला. मग साहेब म्हणाले, "वय झालं होतं, गेली. तिला तरी कुठे कळत होतं, घरी आहे की निवाऱ्यात?"

दोघं हसले. बोरूबाईचं पेन थांबलं नाही. हसलेल्यांचे हुद्देही तिने उतरवले.

शेवटी तिने विचारलं, "साहेब, इतिवृत्तात काय घेऊ?"

"जे झालं ते घ्या की." साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

त्यांनी सांगितलं तेच तिने केलं. या खेपेला एकाही वाक्याला इस्त्री केली नाही. कोण काय बोललं, कुणी कुणावर ढकललं, कोण हसलं, सगळं जसंच्या तसं. अकरा पानं झाली. साहेबांनी चहा पिता पिता सही केली. नियमाप्रमाणे एक प्रत रुग्णांच्या नातेवाइकांच्या संघटनेला जाई. ती तिने स्वतःच्या हाताने नेऊन दिली.

आठवड्यात वर्तमानपत्रांनी साहेबांना सळो की पळो करून सोडलं. चौकशी बसली, हसणाऱ्या दोघांना नोटिसा गेल्या आणि साहेबांची बदली जुन्या कागदांच्या गोदामावर झाली. खोली रिकामी करताना त्यांनी तिला बोलावून घेतलं. चेहरा पार उतरला होता.

"बाई, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"ती माझी ताई होती," ती म्हणाली. साहेबांना खुर्ची सापडेना. ते चाचपडत खाली बसेपर्यंत ती उभी राहून बघत राहिली. तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

पण साहेबांच्या बदलीच्याही आधी निलंबित झाली होती ती सेविका. नियम मोडल्याची कबुली इतिवृत्तात छापील होती ना. बोरूबाई तिच्या घरी गेली. सेविकेने पाणी दिलं, बसायला सांगितलं.

"तुम्ही लिहिलंत ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "पण माझं लिहिण्याआधी मला एकदा विचारायचं होतंत."

तिथेच बसून बोरूबाईने सेविकेच्या अपिलाचा अर्ज लिहिला. मग पाच महिने ती त्या अर्जामागे खात्याखात्यांतून फिरली, आणि या खेपेला बावीस वर्षांच्या सगळ्या ओळखी वापरल्या. सेविका कामावर परतली, तरी बोरूबाईशी तुटकच बोले.

साहेबांनी बदली रद्द व्हावी म्हणून तीनदा अर्ज केला. तिन्ही अर्ज बोरूबाईच्या टेबलावरून वर गेले. प्रत्येकाला तिने ती अकरा पानं जोडली.