कानावरची खपली

लखनौच्या फलाटावर दादाला मी ओळखलं ते चालीवरून. जूनचं ऊन, आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून कानांपर्यंत अंगोछा (आपला पंचा) गुंडाळलेला. चेहरा दुसऱ्याच कुणाचा: गोल, फुगीर, गालांवर दाट लव. किडनी बसवल्यावर गोळ्यांनी असं होतं हे मी वाचलं होतं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, बी.एस्सी.; वाचलेलं विसरत नाही आणि सांगायला लाजतही नाही. तरी तो "जयभीम, सुमे" म्हणाला तेव्हा आवाज ओळखीचा, तोंड अनोळखी, अशी गत झाली.

दादा तिथे सरकारी नोकरीत. विकास नगरातल्या क्वार्टरमधून वहिनीने मला पत्र लिहिलं होतं: कानावर चार महिन्यांपासून खपली आहे, भरत नाही. किडनीवाल्यांची दरवर्षी कॅन्सरची तपासणी असते, ती यांनी दोनदा चुकवली. तुम्ही शिकलेल्या, तुमचं ऐकतील.

ती किडनी आमच्या आईची. सहा वर्षांपूर्वी तिने दिली. दोन वर्षांपूर्वी ती तापाने गेली.

जेवायला बसलो. दादा घास थांबवून म्हणाला, "थांब, आईला पाणी पाजतो," आणि स्वतः गटागटा ग्लासभर पाणी प्यायला. मी दचकले. पुतणी ताटातून मान वर न काढता म्हणाली, "बुआ, पापा रोज़ यही कहते हैं।"

"तपासणी काहून चुकवली?" मी विचारलं.

"कॅन्सर निघाला तर गोळ्या कमी करतील. गोळ्या आहेत म्हणून माझ्या अंगाला कळत नाही, आई परकी आहे ते. कळलं की मारून टाकील तिला. पुन्हा मरू देऊ?"

"त्याच गोळ्यांनी अंगाला कॅन्सरही दिसत नाही, दादा. म्हणून तर डॉक्टरांनी बघायचं."

"मोठी आली बी.एस्सी.!" तो म्हणाला. पण एवढ्या लांबून आलेल्या बहिणीला नाही म्हणवेना. सकाळी निघाला.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात पाऊल टाकलं. बाकांवर वीसेक माणसं. सगळ्यांचा चेहरा एकच. तोच गोल, तेच फुगीर गाल, तीच लव. जणू एका आईची लेकरं. तपासणीच्या खोलीचं दार उघडायचं, आणि कुणी उठायचं नाही. "पहले आप।" "नहीं जनाब, पहले आप।" लखनौची अदब मी ऐकून होते. ती भीतीलाही कामी येते हे तिथे पाहिलं.

मी चहा आणायला गेले. परत येऊन खांद्यावर हात ठेवला. "दादा, घे."

"बहनजी, मैं आपका दादा नहीं," तो चेहरा म्हणाला, "पर चाय छोड़ूँगा नहीं।"

दादा पलीकडच्या बाकावर होता, मी आल्यापासून पहिल्यांदाच हसला. त्या गृहस्थांनी त्याला विचारलं, "किसकी लगी है?" (कोणाची बसवली?) तिथे नावाआधी हेच विचारतात.

"माँ की।"

"हमें छोटे भाई की।" त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला. खालच्या ओठाचा एक तुकडाच नव्हता. "कैंसर था। पिछले साल कटा, दवा घटाई। हमने सोचा, भाई रूठकर चला जाएगा।" त्यांनी ओटीपोटावर थाप मारली. "बैठा है, कमबख़्त!"

दादा बराच वेळ त्या ओठाकडे बघत राहिला. मग त्याने अंगोछा सोडला आणि उठला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खिडकीजवळ उजेडात बसवलं. भिंग घेऊन टाळू, ओठ, पाठ, तळपाय पाहिले. मान-काखेत गाठी चाचपल्या. कानाशी थांबल्या. सुन्न करून तुकडा काढून घेतला. मग पोटाची सोनोग्राफी. पडद्यावर राखाडी घेवड्याच्या दाण्यासारखं काहीतरी धडधडत होतं. "यह रही। ख़ून ठीक जा रहा है।" जिच्या चितेपुढे मी उभी होते, ती तिथे हलत होती. माझे हात नकळत जोडले गेले.

रिपोर्टला आठ दिवस. वहिनीने मला चौक बाजारात चिकनचा, म्हणजे तिथल्या भरतकामाचा, कुर्ता घ्यायला नेलं. रंग कोणता विचारलं तर सांगता येईना. गल्लीभर मी लोकांचे कानच बघत होते.

कॅन्सर निघाला, पण वरवरचा. कानाची कड कापली, एक गोळी निम्मी झाली. आता दर आठवड्याला रक्त तपासून किडनी टिकते का ते बघायचं. मी गावच्या शाळेत शिकवते; ती उघडत होती म्हणून मला परतावं लागलं. दादा स्टेशनवर आला नाही. त्या दिवशी रक्त द्यायचं होतं, आणि तो एकटाच गेला.

गाडीत मनाशी कबूल केलं: माझ्या पदवीने जे झालं नाही ते एका कापलेल्या ओठाने केलं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर उजेडात बसवून त्याचे कान-ओठ बघत जा, आणि वर्षाची तपासणी चुकवू देऊ नका.

तीन आठवड्यांनी गावी दादाचं कार्ड आलं. आमचा पोस्टमन कार्ड वाचूनच देतो. आईच्या मातीलाही तो आला होता. त्या दिवशी त्याने कार्ड माझ्या हाती दिलं नाही, लांबूनच ओसरीवर ठेवलं आणि मागे न बघता निघून गेला.

कार्डावर एकच ओळ होती: "सुमे, आई ठीक आहे."